शाळांसाठी उपकरणे घडवणारे रुचिराम

लखनौची पुरावनस्पती संस्था आणि तिचे संस्थापक बिरबल साहनी ही नावे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असतात. बिरबल यांचे वडील रुचिराम साहनी यांचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही. पंजाबात मात्र मुलाच्या आधी वडीलच प्रसिद्ध होते. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात ते तीस वर्षांहून अधिक काळ विज्ञान शिकवत होते. हवामान खात्यात वरच्या जागेवर नेमल्या गेलेल्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी ते एक, ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्राचे विश्वस्त आणि शीख धर्मस्थळांच्या सुधारणा चळवळीवर ग्रंथ लिहिणारे लेखक. या सगळ्या कामांत एक काम जरा बाजूला पडते. १८८८ साली त्यांनी लाहोरमधल्या आपल्या राहत्या घरी एक छोटी कार्यशाळा सुरू केली. तिथे शाळांना लागणारी विज्ञानाची उपकरणे तयार होत आणि मोडलेली दुरुस्त होत.

त्या काळी शाळेत विज्ञान म्हणजे पुस्तक. मोठ्या शहरातल्या एखाद्या सधन शाळेत काचेचे कपाट असे आणि त्यात विलायतेहून आलेला तराजू, एखादा हवेचा पंप, चुंबके, काचेची नळकांडी मांडलेली असत. किमती इतक्या की लहान गावातल्या शाळेने त्यांचा विचारही करू नये. जिथे कपाट होते तिथे दुसरी अडचण. तराजूची पोलादी धार बोथट झाली, पंपाची झडप गळू लागली किंवा काचेची तोटी फुटली, की ती दुरुस्त करणारा माणूस पंचक्रोशीत नसे. वस्तू कोलकात्याला पाठवायची, नाही तर थेट इंग्लंडला. एवढा खर्च आणि एवढे महिने कोण थांबणार? त्यामुळे शिक्षक वस्तू कपाटाबाहेर काढायलाच कचरत आणि विद्यार्थ्याने हात लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. परीक्षा लेखी असल्याने त्यावाचून काही अडतही नव्हते. असे कपाट आणि त्याची हरवलेली किल्ली आजही अनेक शाळांमध्ये सापडेल.

हे रुचिराम यांच्या इतके लक्षात का आले, याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे. त्यांचा जन्म ५ एप्रिल १८६३ रोजी डेरा इस्माईल खान या सिंधू नदीकाठच्या गावी झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. वडील करमचंद व्यापारी होते. घरची स्थिती एके काळी चांगली होती, पुढे व्यापार बुडाला. मुलाचे पहिले शिक्षण पंतोजीकडे झाले. तिथे पाढे घोकून घेत आणि ते केवळ पूर्णांकांचे नसत. आपल्याकडे जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली, तसाच तो प्रकार. नंतर व्यापाराचे वळण लागावे म्हणून लहान वयातच त्यांना दुकानावर उमेदवारीला बसवले गेले. पाढ्यांचा उपयोग काय ते तिथे कळले. तराजूच्या पारड्यात धान्य पडत असे, दर ठरलेला असे आणि सव्वासात शेरांची किंमत तोंडी सांगावी लागे. चुकले तर गिऱ्हाईक लगेच दाखवून देई. आकडा आणि वस्तू एकत्र हाताळण्याची ही सवय त्यांना शाळेने लावली नव्हती, दुकानाने लावली होती.

वरच्या वर्गांसाठी गाव सोडावे लागले. पाठीवर पुस्तकांचे गाठोडे बांधून ते झंगपर्यंत पायी गेल्याची हकिगत साहनी कुटुंबात पुढच्या पिढ्यांनाही सांगितली जात असे. १८७९ च्या सुमारास वडील वारले. नंतरचे शिक्षण शिष्यवृत्तीवर आणि काटकसरीने झाले. १८८४ साली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून ते पदवीधर झाले, तेही पहिल्या क्रमांकाने. तिथे त्यांना विज्ञान शिकवणारे प्राध्यापक जे. कँबेल ओमन यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. पुढच्या उद्योगात गुरू-शिष्य भागीदार झाले.

१८८५ च्या जानेवारीत रुचिराम हवामान खात्यात रुजू झाले. खाते तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड, कचेरी शिमल्याला. देशभरातल्या केंद्रांवरून रोज तारा येत आणि त्यांत हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा, पाऊस एवढेच आकडे असत. ते नकाशावर मांडून दैनिक अहवाल तयार करायचा, असे ते काम. वरवर कारकुनी वाटेल, पण यात एक शिस्त होती. प्रत्येक आकड्यामागे कुठे तरी एक माणूस पाऱ्याच्या नळीसमोर उभा असतो. त्याचा डोळा पाऱ्याच्या पातळीत नसेल तर आकडा चुकतो. नळी सरळ टांगलेली नसेल तरीही चुकतो. असा चुकीचा आकडा इतर शंभर आकड्यांत मिसळला की ओळखणे कठीण.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातून एक भयंकर चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर फॉल्स पॉइंट इथे धडकले. तिथे नोंदलेला हवेचा दाब ९१९ मिलिबारपर्यंत उतरला होता आणि भारतीय किनाऱ्यावरच्या सर्वांत कमी नोंदींमध्ये तो आजही गणला जातो. समुद्र शिमल्यापासून हजारभर मैल दूर, पण टेबलावर आलेल्या आकड्यांवरून वादळाची चाहूल बावीस वर्षांच्या रुचिराम यांना लागली आणि त्यांनी इशाऱ्याच्या तारा पाठवल्या. गावोगावच्या साध्या उपकरणांतून नीट वाचलेली मोजमापे एकत्र आली की काय होऊ शकते, याचा धडा त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षात मिळाला.

खात्याच्या कामानिमित्त कोलकात्यात राहण्याचा योग आला, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. पेडलर प्रयोग करून दाखवण्यात निष्णात होते. जगदीशचंद्र बोस नुकतेच इंग्लंडहून परतून त्याच कॉलेजात शिकवू लागले होते. शहरात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत सर्वसामान्यांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत. फादर लाफाँ यांची प्रयोगांसह व्याख्याने तर गाजलेली. महेंद्रलाल स्वतः वैद्यकीय पदवीधर, रुग्ण पाहून उरलेल्या वेळात त्यांनी ही संस्था उभी केली. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा हा नमुना रुचिराम यांनी जवळून पाहिला. १८८७ मध्ये ते लाहोरला आपल्याच कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून परतले.

ओमन आणि रुचिराम यांनी १८८५ मध्येच ‘पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट’ सुरू केली होती. आता तिच्या कामाला जोर आला. लाहोरमध्ये आणि पंजाबातल्या लहानमोठ्या गावांत व्याख्याने होऊ लागली. इंग्रजीत नव्हे, लोकांच्या भाषेत. प्रवेशाला किरकोळ शुल्क असे आणि ते देऊन दुकानदार, कारागीर, कचेरीतले कारकून येत. विषय पाहिले की रुचिराम यांची नजर कळते. तारेचे यंत्र बोलते कसे, साबण कसा बनतो, विजेने मुलामा कसा चढतो, काच कशी तयार होते, खेळणी आपल्याला काय शिकवतात, पंजाब आणि त्याच्या नद्या. पुढील काही दशकांत त्यांनी दिलेल्या व्याख्यानांची संख्या पाचशेच्या वर भरते.

या यादीतले दोन विषय आरोग्याचे होते. एक, शुद्ध आणि अशुद्ध हवा. दुसरा, १८८० पूर्वी लाहोरकर कोणते पाणी पीत होते. दुसऱ्या विषयाला ताजा संदर्भ होता. शहरात नळाचे पाणी येऊन फार वर्षे झाली नव्हती. त्याआधी गल्लीबोळातल्या विहिरी आणि त्यांच्या शेजारीच गटारे, संडास. पटकी दर काही वर्षांनी येई. रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्याच्या तलावातल्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवले ते १८८४ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. जंतू ही कल्पना डॉक्टरांमध्येही सर्वमान्य झालेली नव्हती. अशा वेळी बाजारात बसणाऱ्या माणसाला ‘विहिरीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे काही असते’ एवढे सांगून काय होणार? त्याला दाखवावे लागते. सूक्ष्मदर्शक हवा, गाळणी हवी, क्षार ओळखणारी रसायने हवीत. अशुद्ध हवेसाठी चुन्याची निवळी हवी. नळीने तिच्यात फुंकर मारली की ती दुधाळ होते आणि उच्छ्वासात कर्बवायू असतो हे पटते. बंद खोलीत, पेटत्या शेगडीपाशी झोपणाऱ्या पंजाबातल्या हिवाळ्यात हा प्रयोग निव्वळ गमतीचा नव्हता. शेगडीच्या धुराने, विशेषतः त्यातल्या वासरहित विषारी वायूने, माणसे झोपेतच दगावतात. हिवाळ्यात अशा बातम्या अजूनही वाचायला मिळतात.

व्याख्यान म्हटले की उपकरणे आली आणि ती बैलगाडीतून, टांग्यातून, रेल्वेच्या डब्यातून हलवायची म्हणजे मोडतोड आली. कॉलेजातले महाग सामान गावोगाव नेणे धोक्याचे होते. या रोजच्या अडचणीतून कार्यशाळेचा जन्म झाला. रुचिराम यांनी अल्लाबक्ष नावाच्या मिस्त्रीला हाताशी घेतले. रेल्वेच्या कामात हात बसलेला हा कुशल कारागीर. घरातच एक लेथ बसवला आणि सुरुवातीचा खर्च प्राध्यापकांच्या पगारातून होऊ लागला.

लाहोरला रेल्वेचा मोठा कारखाना असल्याने धातूकाम जाणणारी माणसे शहरात होती. त्यांना पितळ अचूक मापात कातता येत होते, पेच पाडता येत होते, पण आपण घडवतो ती वस्तू कशासाठी हे सांगणारा कोणी नव्हता. दुसरीकडे वस्तू कशासाठी हे जाणणारे प्राध्यापक होते आणि त्यांना कानस धरता येत नव्हती. रुचिराम यांच्या घरी ही दोन माणसे एका बाकावर बसली. रासायनिक तराजूचेच उदाहरण घेऊ. दांडीच्या दोन्ही भुजा तंतोतंत समान हव्यात, ती ज्या धारेवर टेकते ती धार कठीण आणि सरळ हवी, काटा हलताना घर्षण जवळजवळ शून्य हवे. दुकानातल्या तराजूची हीच तत्त्वे, फक्त चूक सहन करण्याची मर्यादा हजारपट लहान. मिस्त्रीला हे एकदा कळले की तो स्वतःहून धार घासून पाहतो, वजने अदलाबदल करून भुजा तपासतो. लहानपणी दुकानात बसलेल्या प्राध्यापकाला ते समजावणे अवघड गेले नसावे.

पंजाबात शालेय अभ्यासक्रमात विज्ञान शिरू लागले तशी मागणी वाढली. शाळांना आयात माल परवडत नव्हता आणि लाहोरचा माल त्या मानाने पुष्कळच स्वस्त होता. रुचिराम यांनी नफा जवळजवळ घेतलाच नाही, उत्पादनखर्चाच्या आसपास किमती ठेवल्या. दुरुस्ती लाहोरलाच होत असल्याने एक गोष्ट आपोआप घडली. वस्तू मोडण्याची भीती कमी झाली. मोडली तर गाडीत घालून लाहोरला पाठवा, दुरुस्त होऊन येईल. शिक्षकाने उपकरण मुलांच्या हाती देण्यासाठी अनुदानापेक्षाही या खात्रीची गरज असते. वैद्यकीय महाविद्यालयातही हेच दिसते. महागडे यंत्र कुलपात राहते आणि ज्याची नळी कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळते त्या स्टेथोस्कोपवर विद्यार्थी तयार होतो. हृदयातली खरखर पुस्तक वाचून कोणाला ऐकू आलेली नाही.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने औद्योगिक परिषदा भरू लागल्या होत्या. तिथल्या प्रदर्शनातही लाहोरची उपकरणे मांडली गेली. ती खरोखर भारतात, एका प्राध्यापकाच्या घरी बनली आहेत यावर पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना. पुढे १९०६ मध्ये कोलकात्याच्या औद्योगिक प्रदर्शनात या कार्यशाळेला सुवर्णपदक मिळाले. परीक्षकांमध्ये जगदीशचंद्र बोस होते. बोस स्वतः देशी कारागिरांकडून उपकरणे घडवून जगाला चकित केलेले संशोधक, त्यामुळे त्यांची पसंती औपचारिक नव्हती.

या कामाची मर्यादाही सांगायला हवी. सारा डोलारा एका माणसाच्या वेळेवर, पगारावर आणि हौसेवर उभा होता. ना नफा, ना भांडवल, ना सरकारी पाठबळ. जिथे किंमत खर्चाएवढीच ठेवली जाते तिथे दुसरा लेथ घ्यायला पैसा साचत नाही आणि नवा कारागीर शिकवायला उसंत मिळत नाही. गावोगावी अशा दुरुस्तीच्या जागा उभ्या राहिल्या असत्या तर चित्र वेगळे दिसले असते. तसे झाले नाही. पंजाबच्या त्या पट्ट्यात अंबाला शहर मात्र पुढे शालेय उपकरणांचे मोठे केंद्र बनले. महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेत उपकरणाच्या खोक्यावर अंबाल्याचा पत्ता अनेकांनी पाहिला असेल. वस्तू स्वस्त झाल्या, गावापर्यंत पोहोचल्या. दुरुस्त करणारा मिस्त्री मात्र त्यांच्याबरोबर आला नाही.

घरातही रुचिराम यांची शिकवण्याची रीत तीच होती. सुट्टीत मुलांना घेऊन ते हिमालयात पायी भटकत. वाटेत झाडे, दगड, हिमनद्या पाहायच्या आणि नमुने गोळा करायचे. बिरबल यांना वनस्पतींचे वेड लागले ते या भटकंतीत. वडिलांची इच्छा मुलाने सनदी सेवेत जावे अशी होती. प्रयोगाचा एवढा पुरस्कर्ता बापही मुलाच्या बाबतीत सरकारी नोकरीचाच विचार करत होता, ही त्या काळातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरातली गोष्ट. मुलाने नकार दिला, वनस्पतिशास्त्र निवडले, आणि वडिलांनी तो मान्य केला. १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले.

१९१४ मध्ये रुचिराम स्वतःच विद्यार्थी झाले. वय एक्कावन्न. किरणोत्सर्ग हा तेव्हाचा सर्वांत नवा विषय शिकण्यासाठी ते जर्मनीत कार्ल्सरूह इथे काझिमिर फायान्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. काही काळातच महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने जर्मनीत राहणे अशक्य झाले आणि त्यांना घाईघाईने इंग्लंड गाठावे लागले. तिथे मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. अणूच्या मध्यभागी सूक्ष्म केंद्रक असते हे रदरफर्ड यांनी तीनच वर्षांपूर्वी मांडले होते. नील्स बोर त्याच सुमारास तिथे काम करत होते.

रुचिराम यांनी जे काम घेतले ते त्यांच्या स्वभावाला साजेसे होते. छायाचित्राच्या काचेवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. आल्फा कण त्या थरातून गेला की वाटेतले क्षारकण बदलतात आणि काच धुतल्यावर काळ्या ठिपक्यांची ओळ दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली या ओळी शोधायच्या, त्या कुठे वळतात ते पाहायचे. मोठे यंत्र लागत नाही. काच, भिंग, अंधारी खोली आणि दीर्घकाळ एका जागी बसण्याची तयारी पुरते. यावरचे त्यांचे काम इंग्लंडमधल्या नामांकित भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. किरणोत्सर्गाने फिल्म काळी पडते हे तत्त्व पुढे क्ष-किरण विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यात आले. त्या बिल्ल्यातल्या फिल्मचा काळेपणा मोजून शरीराला किती किरणोत्सर्ग मिळाला ते ठरवत. कित्येक दशके देशातल्या रुग्णालयांत असे बिल्ले वापरात होते.

परत आल्यावर कॉलेजातली नोकरी फार दिवस उरली नव्हती. १९१८ मध्ये ते निवृत्त झाले. इतक्या वर्षांच्या सेवेत वरच्या पदांवर गोऱ्यांचीच वर्णी लागत गेली. जालियनवाला बाग हत्याकांडाने पंजाब हादरला आणि असहकाराच्या काळात रुचिराम यांनी सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ पदवी परत केली. पुढची वर्षे राजकारण, शिक्षणसंस्था आणि ‘ट्रिब्यून’च्या कामात गेली. लाहोरच्या दयालसिंग कॉलेजच्या कारभारातही त्यांचा मोठा वाटा होता. धार्मिक चालीरीतींबाबत ते ब्राह्मो समाजाच्या विचारांचे. शीख धर्मस्थळांवरचे पुस्तक लिहिताना त्यांनी मोजमापाची सवय सोडली नाही, कागदपत्रे आणि तारखा यांवरच भर ठेवला.

वार्धक्यात त्यांनी आठवणी लिहून काढल्या. त्यांत शिमल्याची कचेरी, गावोगावची व्याख्याने आणि अल्लाबक्षबरोबरची कार्यशाळा यांच्याविषयी सविस्तर लिहिले आहे, म्हणून हा तपशील आज उपलब्ध आहे. १९४७ मध्ये फाळणी झाली. ज्या शहरात साठ वर्षे घालवली ते लाहोर परदेश झाले आणि डेरा इस्माईल खान तर त्याहून पलीकडे राहिले. १९४८ च्या जूनमध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी रुचिराम यांचे निधन झाले. दहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९४९ रोजी, लखनौला पुरावनस्पती संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. तिच्यात बिरबल यांनी जमवलेले जीवाश्मांचे नमुने जडवलेले होते. त्यानंतर आठवडाभरात बिरबलही गेले.